कमानीवरचं १३२४

तबूक, गुरुवार, ४ सप्टेंबर २०२५

ती. बाबा,
सा. न.

तुमच्याच पद्धतीने सुरुवात करते. आधी घटना, क्रमाने, विशेषणं न लावता.

१. फेब्रुवारी २०२४ मध्ये तबूकच्या साइटसाठी माझी निवड झाली. काम होतं हिजाझ रेल्वेचे जुने दगडी पूल आणि मोऱ्या तपासून त्यांची डागडुजी करण्याचं.

२. तुम्ही उदयकाकांना फोन केलात. ते माझ्याच कंपनीत, माझ्यापेक्षा बरेच वर.

३. त्यानंतर माझं नाव तबूकमधून निघालं आणि रियाधच्या ऑफिसात नकाशे तपासण्याच्या टेबलावर लागलं. कारण कोणी सांगितलं नाही.

४. कारण शर्मिलाकाकूंकडून कळलं. त्यांच्या अल मलाझच्या घरी, भिशीच्या दिवशी, भजी तळताना त्या म्हणाल्या, "बाबांना थँक्यू म्हण गं. त्यांनी उदयला सांगितलं म्हणून, नाहीतर तू आत्ता वाळवंटात दगड मोजत असतीस."

५. मी कंपनीच्या प्रमुखांना भेटले. माझा प्रबंध आणि माझा अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. नाव परत तबूकला लागलं.

६. तुम्ही म्हणालात, "मी बाप आहे. मला तुझी परवानगी लागत नाही." मी म्हणाले, "मग मलाही तुमची लागत नाही." मी तबूकला आले.

७. त्याच वर्षी जूनमध्ये तुम्ही नोकरी संपवून, फायनल एक्झिट घेऊन, आईसह नाशिकला परतलात. मी विमानतळावर आले नाही.

यात काही चुकलं असेल तर दुरुस्ती कळवा. "काळजी" हा शब्द मी घातलेला नाही. ती घटना नाही.

ईमेल करते आहे कारण फोनवर तुम्ही माझे मेसेज उघडत नाही. ईमेल मात्र तुम्ही सगळे वाचता, बँकेतली सवय. मी आईला फोन करते तेव्हा मागे टीव्हीचा आवाज एकदम कमी होतो, हेही माझ्या लक्षात आलं आहे.

मला एका बाबतीत तुमचं मत हवं आहे. मत तांत्रिक आहे.

सोबत फोटो जोडला आहे. अल उलाच्या दक्षिणेला, रेल्वेच्या जुन्या बांधाखालून पुराचं पाणी जायला एक छोटी मोरी आहे. एकच कमान, काळा दगड, एक माणूस वाकून आरपार जाईल एवढी. तिच्या मधल्या दगडावर अरबी आकड्यांत १३२४ कोरलेलं आहे. आमचे इतिहासाचे सल्लागार म्हणतात, हा हिजरी सन, म्हणजे इसवी सन १९०६. मी म्हणते, १९०८.

हा फरक महत्त्वाचा का, ते सांगते. तबूकच्या जुन्या स्टेशनाजवळ एक दालन उभं राहतं आहे. त्याचा विषय एकच वर्ष आहे, १९०८, कारण त्या वर्षी ही रेल्वे मदिनेला पोहोचली. भिंतीवर त्या वर्षी जगात काय काय घडलं ते असेल आणि मधोमध या मोरीची हुबेहूब प्रतिकृती. १९०६ ठरलं तर प्रतिकृती रद्द होईल आणि मोरी दुरुस्तीच्या कामातूनही वगळली जाईल. पुढच्या पुरात ती राहणार नाही. मी तिचं गणित केलेलं आहे.

१९०८. तुम्हाला आठवत असेल.

विभा


तबूक, शुक्रवार, १२ सप्टेंबर

ती. बाबा,
सा. न.

उत्तर मिळालं. एक शब्द आणि एक प्रश्नचिन्ह: "कशावरून?"

जवळजवळ दीड वर्षानंतर हा तुमचा पहिला शब्द. मला दुसऱ्या कुठल्याची अपेक्षाही नव्हती.

परवा डॉ. नौफनी विचारलं की मला १९०८ बद्दल एवढं कसं माहीत. या दालनाचं सगळं काम त्या बघतात. सौदी, वयाने चाळिशीच्या, उत्तर पटलं नाही तर पेनाचं टोपण लावतात आणि बैठक संपते. त्यांना सांगण्यासाठी मला आपल्या घरातली गोष्ट पहिल्यांदाच नीट रचून सांगावी लागली. तशीच इथे लिहिते. तुम्हाला ती माझ्या बाजूने कशी दिसते ते कळेल.

मी सांगितलं: रियाधमध्ये आमच्या ओळखीची मराठी घरं दर पाडव्याला आमच्याकडे जमायची. श्रीखंड-पुरी व्हायची आणि मग "साल" व्हायचं. माझे वडील एक वर्ष निवडायचे. प्रत्येक मुलाला त्या वर्षातली एक घटना दिलेली असायची. दिवाणखान्यात मधोमध उभं राहून ती मराठीत सांगायची. आधी घटना क्रमाने, विशेषणं शेवटी, उरली तर. सांगून झालं की वडील एकच प्रश्न विचारायचे, आणि त्याचं उत्तर आलं नाही तर कितीही छान बोललेलं असो, टाळी नाही.

"प्रश्न कोणता?" त्यांनी विचारलं.

मी अरबीत सांगू शकले नाही, इंग्रजीत सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, हा प्रश्न विचारणारा माणूस मला इथे हवा आहे.

ज्या पाडव्याला १९०८ हे साल होतं, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मनीष मोटारगाडीवर बोलला होता. अमेरिकेतली ती पहिली स्वस्त गाडी. "इट केम ओन्ली इन ब्लॅक," तो म्हणाला.

"मराठीत. आणि कशावरून?"

"एव्हरीबडी नोज, काका!"

"हा एव्हरीबडी राहतो कुठे? पत्ता दे, मी फोन करतो त्याला."

उदयकाका हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी होते. त्यांच्याच मुलाची फजिती, पण हसले. मला ते आवडायचे, हे मी इथे नोंदवते.

शेवटी तुम्ही तुमची घटना सांगितलीत. २२ जुलैला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस. तुम्ही ते सांगताना एकही विशेषण वापरलं नाही, आणि सुशीलमामा मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिले. विशेषणाशिवायही भरून येतं हे मला त्या दिवशी कळलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

ही रेल्वे बांधणारं तुर्की सरकार दोन सन वापरायचं. एक हिजरी, चंद्राचा, सणवारांसाठी. दुसरा सरकारी, सूर्याचा, मार्चात सुरू होणारा, कर आणि पगार आणि बांधकामासाठी. दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी चालतात, म्हणून गफलत होते. हिजरी १३२४ म्हणजे १९०६. सरकारी १३२४ म्हणजे मार्च १९०८ पासूनचं वर्ष. सल्लागारांनी दगडावर आकडा पाहिला आणि जो सन ते रोज वापरतात तोच धरला. मला शंका आली कारण आपल्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर शके एक आणि संवत दुसरा असायचा. एका वर्षाला एकच आकडा असतो असं मला लहानपणापासून वाटलेलंच नाही.

शिवाय १९०६ मध्ये रूळ जेमतेम तबूकपर्यंत आले होते. ही मोरी तिथून शेकडो किलोमीटर दक्षिणेला आहे.

सल्लागारांचं म्हणणं: मोऱ्या आधी बांधतात, रूळ नंतर येतात. हे खरं आहे. म्हणजे माझं उत्तर अजून पुरेसं नाही. तुम्ही टाळी वाजवली नसतीत.

पुढे काय सापडतं ते कळवीन.

विभा


तबूक, गुरुवार, २५ सप्टेंबर

ती. बाबा,
सा. न.

तुमचं उत्तर आलेलं नाही. मी लिहिते आहे कारण काम पुढे सरकलं आहे.

माझा तर्क असा होता: मोरी रुळांच्या आधी, १९०६ मध्ये बांधली असेल, तर तिच्या चुन्यात फक्त जवळपासच्या वस्तू असतील. वाळू, चुनखडी, लाकडाची राख. पण ती १९०८ मध्ये बांधली असेल, तर रूळ अगदी जवळ आलेले असणार, सामान इंजिनच आणत असणार. इंजिन आलं की इंजिनाची राख येते. आणि ढिगाने पडलेली राख कुठलाही गवंडी चुन्यात घालतो, चुना त्याने लवकर धरतो.

नमुना वरवर घेऊन चाललं नसतं. तो नंतरच्या डागडुजीचा निघाला असता. म्हणून कोरलेल्या दगडाच्या बरोबर मागून, कमानीच्या पोटातून घ्यायचा ठरवला. बोटाएवढं भोक. डॉ. नौफनी परवानगी दिली आणि विचारलं, कमान पडली तर? मी म्हणाले, पडणार नाही. त्यांनी विचारलं, जबाबदारी कोणाची? मी म्हणाले, माझी. त्यांनी टोपण लावलं नाही.

कमानीखाली आधार कसे लावायचे त्याचा आराखडा माझा होता. यंत्र नूरुद्दीन चालवत होता. तो बिहारचा, आमच्याकडचं सगळं ड्रिलिंग त्याचंच. सुरू करताना म्हणाला, "मैडम, सौ साल से खड़ी है। आज मेरे हाथ से गिरी तो बोर्ड पर मेरा भी नाम लिखवा देना।"

मी म्हणाले, "गिरी तो दोनों का लिखेंगे।"

"आपका ऊपर," तो म्हणाला. "यल्ला।" आणि त्याने यंत्र सुरू केलं.

कमान हलली नाही. तिला लावलेल्या मापकाची सुई जागची सरकली नाही. बाबा, मला जे वाटलं त्याचं विशेषण मी लिहीत नाही.

नमुना थुवालच्या विद्यापीठात पाठवला. तिथल्या प्रयोगशाळेत कुबरा आहे, हैदराबादची, माझ्याच वयाची. तिने त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि फोन केला. "हलो नक्को, सलाम नक्को, पहले सुन. चूना भेजी बोली थी ना तू? इसमें तो पूरा इंजन बैठा है।"

दगडी कोळशाची जळून वितळलेली राख. काचेसारखे काळे कण, आत बुडबुडे. लाकडाच्या विस्तवाची आच त्यासाठी पुरत नाही. आणि इकडे तेव्हा दगडी कोळसा येत होता तो फक्त इंजिनांबरोबर.

म्हणजे मोरी बांधली तेव्हा इंजिन शेजारी उभं होतं. १९०६ मध्ये ते तबूकच्या पुढे आलेलंच नव्हतं. १३२४ सरकारी सन आहे. १९०८.

आता दुसरी गोष्ट. हीही १९०८ चीच आहे.

दालनाच्या भिंतीसाठी मी एक तारीख सुचवली: २४ जुलै. त्या एका दिवशी मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. त्याच दिवशी इस्तंबूलमध्ये सुलतानाने राज्यघटना परत लागू केल्याचं जाहीर झालं आणि लोक रस्त्यावर आले. त्याच दिवशी इथे मदिनेच्या दिशेने रूळ पडत होते. आणि त्याच दिवशी लंडनमध्ये ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली.

मॅरेथॉन माझी होती. अकराव्या वर्षी, आपल्या दिवाणखान्यात, निळ्या गालिच्यावर. मी सांगितलं होतं: एक इटालियन धावपटू सगळ्यांच्या पुढे मैदानात आला. उन्हाने आणि थकव्याने तो चुकीच्या दिशेला वळला. पडला, उठला, परत पडला. अधिकाऱ्यांना बघवेना. त्यांनी त्याला उभं केलं आणि धरून धरून रेषेपलीकडे नेलं. आणि नेलं म्हणूनच तो बाद झाला.

तुम्ही विचारलंत कशावरून. मी सांगितलं. टाळी झाली. मग मनीष म्हणाला, "बट ही वॉज गोइंग टु लूज एनीवे!"

तुम्ही म्हणालात, "हरला असता कदाचित. पण ते त्याचं त्याला बघू द्यायचं होतं. हात लावणारे चांगलेच लोक होते रे. शर्यत मात्र त्यांची नव्हती."

हे वाक्य तुमचं आहे. साक्षीदार: आई, उदयकाका, शर्मिलाकाकू, मनीष. मी त्यात काही घातलेलं नाही.

पहिल्या पत्रातला दुसरा मुद्दा या वाक्याशेजारी ठेवून वाचा.

विभा


तबूक, शुक्रवार, १० ऑक्टोबर

ती. बाबा,
सा. न.

काल आईचा फोन आला. तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत देते.

"अगं, तुझ्या बाबांनी माझ्या स्टीलच्या दोन वाट्या घालवल्या. पानाचा चुना आणलाय कुठूनतरी. आयुष्यात पान खाल्लं नाही माणसाने! एका वाटीत नुसता चुना, दुसऱ्या वाटीत चुना आणि इस्त्रीवाल्याच्या कोळशाची राख. दोन्ही बाल्कनीत वाळत घातलंय आणि दर थोड्या वेळाने काडीने टोचून बघतायत. विचारलं तर म्हणतात, राखेचा आधी धरतो का ते बघतोय. मी म्हटलं, मुलीला फोन करून विचारा ना. तर म्हणतात, तिचं उत्तर मला माहीत आहे, मला स्वतः बघायचंय. आणि काल संध्याकाळी माझ्यासमोर दोन्ही वाट्या ठेवून म्हणाले, अलका, पोरगी बरोबर आहे."

मी विचारलं, "मग टाळी वाजवली का?"

आई म्हणाली, "वाजवायला हात रिकामे नव्हते. काडी होती."

बाबा, एक तांत्रिक दुरुस्ती. इस्त्रीचा कोळसा लाकडी असतो. प्रयोग तुमचा सदोष आहे. निष्कर्ष बरोबर आहे.

बैठक मंगळवारी झाली. बैठकीला डॉ. नौफ, सल्लागार, मी, आणि पडद्यावर थुवालहून कुबरा. सल्लागार सत्तरीच्या घरातले आहेत आणि या रेल्वेवर त्यांनी हयात घालवली आहे. मी घटना क्रमाने मांडल्या. त्यांनी कुबराचे फोटो बराच वेळ पाहिले, नमुना नक्की कुठून घेतला ते दोनदा विचारलं, आणि मग म्हणाले, "खलास. १९०८. मला माझ्या पुस्तकातलं एक पान बदलावं लागेल." चिडले नाहीत. उलट म्हणाले की पान बदलायला लावणारं कोणीतरी अजून आहे हे बघून बरं वाटलं. मला त्यांचा आदर वाटला.

मोरी कामात राहिली. आधारासकट दुरुस्तीचा पूर्ण आराखडा माझ्या सहीने गेला आहे. पुढच्या पुरात ती उभी राहील. याचंही गणित मी केलेलं आहे.

सगळे उठल्यावर डॉ. नौफ थांबल्या. पाटीवर माझं नाव घालायचं आहे, म्हणाल्या. दगडाचा काळ कोणी शोधला, ते. मी सांगितलं, विभा मोघे. त्यांनी लिहिलं आणि पेन तसंच धरून विचारलं, "बिंत मीन?" कोणाची मुलगी?

तुम्हाला माहीत नसेल, तबूकला आल्यापासून मी मधलं नाव लिहिणं सोडलं होतं. ईमेलवर नाही, आराखड्यांवर नाही, ऑफिसच्या दारावर नाही. इकाम्याच्या निवासी कार्डावर आहे, तिथून काढता येत नाही म्हणून. इथे कोणाला ते खटकलंही नाही, परदेशी बायकांची नावं कशीही असतात. मी उत्तर टाळू शकले असते.

मी हेमचंद्र म्हणाले. त्यांनी अरबीत तीनदा लिहून बघितलं, च कसा लिहायचा यावर आमचं थोडं अडलं. मग त्यांनी विचारलं, "हेच ते? प्रश्नवाले?"

मी हो म्हणाले.

ज्या शर्यतीला तुम्ही हात लावायला गेलात, ती मी तुमच्याच प्रश्नावर पळाले. या दोन्ही घटना खऱ्या आहेत. एकीमुळे दुसरी खोडली जात नाही. मी पहिली विसरलेले नाही, आणि या पत्रात माफीचा विषय नाही, माझ्या बाजूने नाही आणि मागण्याचाही नाही. मला फक्त वाटतं की ती कमान तुम्ही बघावी. वाकून आरपार जावं लागेल, गुडघ्यांचं बघा. मधल्या दगडाखाली थांबलात की डाव्या हाताला बोटाएवढं भोक दिसेल, मी ते मुद्दाम बुजवलेलं नाही. मग जे विचारायचं ते तिथे उभं राहून विचारा. उत्तर माझ्याकडे आहे.

दालनाचं उद्घाटन १३ नोव्हेंबरला आहे. मला दोन पाहुणे बोलावता येतात. आईचं नाव दिलं आहे, तिने लगेच हो म्हटलं आणि हे तुम्हाला सांगू नकोस असंही म्हटलं. दुसरी जागा रिकामी आहे. ती मी दुसऱ्या कोणाला देणार नाही. व्हिसाचं पत्र कंपनी देईल, तिकिटं मी काढली आहेत, बदलता येण्याजोगी. उदयकाकांना फोन करू नका. कशासाठीही.

पाटीवरचा मजकूर आणि पाहुण्यांची नावं एकाच दिवशी बंद होतात. अरबी आणि इंग्रजी मजकूर सोबत जोडला आहे, त्याचा मराठी अर्थ खाली देते. तुमच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसंच आहे ना, तेवढं तपासा.

"ही कमान १९०८ साली बांधली. काळनिश्चिती: विभा हेमचंद्र मोघे, अभियंता."

स्पेलिंग बरोबर आहे का, आणि तुम्ही येणार आहात का, या दोन्हींचं उत्तर गुरुवार, १६ ऑक्टोबरपर्यंत पाठवा.

विभा हेमचंद्र मोघे